सशांची खोली, अल ऐन

सकाळी सव्वासातला मी सशांना फोन लावतो.
म्हणजे पिंजऱ्याच्या झाकणाला
चिकटपट्टीने डकवलेल्या फोनला.
आवाज बंद, थरथर बंद, नुसती लाट जायला हवी,
असं डॉक्टर इंतिसारबाईंनी पहिल्या दिवशी बजावलंय.
कट झाला की पुन्हा लावायचा.
वहीत वेळ, खोलीचं तापमान, माझी सही.

जन्मात इतके फोन मी कुणाला केले नाहीत,
आणि एकानेही उचलू नये
याचा पगार घेतला नाही.

ससे बारा. सहांच्या डोक्यावर चालू फोन, सहांच्या बंद.
बंदवाल्यांना कागदात नियंत्रण गट म्हणतात.
पिंजरे धुणारा मोफिजुल, सिल्हेटचा,
म्हणतो, ते म्हणजे ज्यांना घरून फोन येत नाही ते.
हसतो, आणि त्यांना गवत जरा जास्त घालतो.
हे मी वहीत लिहीत नाही.

खिडकीसमोरचं खजुराचं झाड खरं नाही.
बुंधा लोखंडी, झावळ्या प्लॅस्टिकच्या,
मोबाइलचा मनोरा आहे तो, वेष घेऊन उभा.
पहिल्या उन्हाळ्यात मी त्याच्या मुळाशी
दोन बादल्या पाणी ओतलं होतं.
बुलबुल अजून बसतात त्याच्यावर,
त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

दर रविवारी छातीवरचे केस भादरून आलेख काढतो.
सशाचं काळीज मिनिटाला दोनशेच्या वर,
सुई कागदावर शिवणयंत्रासारखी पळते.
सात नंबरचं, डावा कान दुमडलेल्याचं,
चालू फोनखाली काही वेगळंच पळतं.
मी बाईंना दाखवलं.
त्या बराच वेळ चष्मा कपाळावर ठेवून बघत राहिल्या.
म्हणाल्या, एकावरून काही म्हणू नये.
उकाडा असेल. पट्टा आवळला असेल.
तू असशील.

तू असशील, हे मी
खोलीवर जाईपर्यंत घोकत होतो.

देवरुखला अण्णा फोन सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवतात.
बायपास होऊन वर्ष झालं.
म्हटलं, उजवीकडे खिसा शिवून घ्या,
नाहीतर पिशवीत ठेवा, टेबलावर ठेवा, कुठेही.
म्हणाले, कानाने कमी येतं रे आता.
इथे थरथरला की छातीला कळतं
तू आहेस ते.

त्यानंतर महिनाभर मी दोनच रिंगा देऊन ठेवून द्यायचो.
पूर्वी पैसे पोचले की एक, मी बरा आहे की दोन,
अशी आमची जुनी खूण होतीच.
मग एकदा त्यांनीच लावला, त्यांच्या पैशांनी:
लवकर का तोडतोस?
मी सदऱ्याचं बटण काढेपर्यंत गेलेला असतोस.
काय सांगणार होतो?
बारा ससे, सहा फोन, एक वही.
बाईंनाच अजून ठाऊक नाही ते.

गुरुवारी प्रयोग संपला.
काळजं मोजायला आत नेली, छोट्या स्टीलच्या ताटल्यांतून.
मी दाराबाहेर थांबलो. माझं काम फोन गोळा करण्याचं.
चिकटपट्टी ओढली तर सात नंबरच्या झाकणावर
पांढरे केस तिला चिकटून आले.
पडद्यावर लिहिलेलं: मिस्ड कॉल, चारशे त्र्याऐंशी.
सगळे एकाच नंबरचे.
मोफिजुलने वाकून पाहिलं, विचारलं,
कोण रे हा? एवढं काय काम होतं याचं?

संध्याकाळी, तिकडे दीड तास पुढे,
अण्णांचं जेवण झालं असेल अशा बेताने मी लावला.
खोट्या खजुराच्या शेंड्यावर लाल दिवा लागला होता.
एक.
दोन.
ठेवला नाही.
तीन वाजली, चौथी वाजली,
आणि मी इकडे माझ्याच मनगटावर बोट ठेवून
मोजत बसलो, कोणाचे ते कळेना.